सिंकमधला चीक

आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक पहिल्यांदा गुडगुडलं, तेव्हा मी संशय घेतला तो माझ्या पोटावर. या वयात घरात कुठूनही असा आवाज आला की माणूस आधी स्वतःलाच चाचपून बघतो. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलो होतो. पुन्हा गुडगुड झाली आणि पाठोपाठ आमच्या धम्मशीलाबाईंचा आवाज आला.

"अहो, पाणी जाऊन नाही राह्यलं."

आत जाऊन पाहिलं. सिंकमध्ये पांढुरकं पाणी साचलं होतं. जात नव्हतं असं नाही, पण पंगतीतून उठणाऱ्या जड माणसासारखं जात होतं: जरा हलायचं, थांबायचं, ढेकर द्यायचा. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कोणतीही अडचण आली की मी हेच करतो. अडचणीवर त्याचा काही परिणाम होत नाही, पण समोरच्याला वाटतं की विचार चालू आहे. धम्मशीलाला मात्र आता तसं वाटत नाही.

"भागवतले फोन लावा," ती म्हणाली.

भागवत आमच्याकडचा नळवाला. मोटारी बसवतो, पाइप बदलतो. त्याला बोलावणं मला जड जातं. तो आला की डॉक्टरसारखा भुवया उचलून विचारतो, "सर, आधी तुम्ही काय काय केलं?" आणि मला कबुलीजबाब द्यावा लागतो. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे मला आजही झोपेत सांगता येईल, पण घरातलं कोणतं पाणी कोणत्या पाइपातून जातं हे विचारलं तर मी चष्मा पुसायला लागतो.

तरीही फोन लावला. भागवत धामणगाव बढ्याला एका मंगल कार्यालयाच्या कामावर होता. "पौर्णिमेनंतर येतो सर," तो म्हणाला. "तवर हात नका लावू."

हे शेवटचं वाक्य मी धम्मशीलाला सांगितलं नाही.

पौर्णिमा म्हणजे बुद्ध पौर्णिमा, आणि ती अगदी तोंडावर आली होती. त्या दिवशी आमच्या गावात बाहेरून भन्तेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, येतात. सकाळी विहारात वंदना होते, मग भन्तेजी एखाद्या घरी भोजनदानाला जातात. त्यांचं जेवण बाराच्या आत व्हावं लागतं. बारा वाजले की ते अन्नाला हात लावत नाहीत. आजवर हे भोजनदान मोठ्या हॉलच्या, मोठ्या फाटकाच्या घरांतच होत आलं. यंदा विहाराच्या बैठकीत धम्मशीला उभी राहिली आणि म्हणाली, "या वर्षी आमच्या घरी." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी शेवटच्या रांगेत होतो आणि माझ्या चपलेचा अंगठा फार बारकाईने तपासत होतो.

आमच्याकडे पद्धत अशी, की भन्तेजींच्या पात्रात पहिलं अन्न जोडप्याने मिळून वाढायचं. एकच भांडं, त्याला दोघांचे हात. घरभर माणसं बसलेली असतात, कोणीतरी फोटो काढत असतं. धम्मशीलाच्या मनात हेच होतं. तिच्या ओट्यावर शिजलेली खीर आणि भांड्याला आम्हा दोघांचे हात.

"तुम्ही बाजूले उभे राहाल ना?" तिने विचारलं होतं.

"राहीन की."

"रिटायर झाले तवा सत्काराच्या टायमाले पाण्याच्या टाकीमांगं सापडले होते."

"तिथे सावली होती," मी म्हणालो. ते खरंही होतं.

तर असा हा प्रसंग समोर आणि सिंक गुडगुडतंय. आपलं शेवटच्या रांगेत बसणं भरून काढायला निदान सिंक तरी आपण नीट करून द्यावं, असं मला वाटलं. आता लिहिताना हा विचार मला तितकासा सरळ वाटत नाही, पण तेव्हा वाटला.

आमच्या शेजारी महादेवराव राहतात. अमडापूरकडे त्यांची शेती आहे, मुलं शेती बघतात, आणि महादेवराव आता मुख्यतः सल्ला बघतात. आमच्या दोन्ही घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. या भिंतीवर कोपर टेकवून त्यांनी मला आजवर हृदयविकार, मुदत ठेव आणि गुलाबावरची कीड यांबद्दल मार्गदर्शन केलं आहे. मी कधीच नाही म्हणू शकलो नाही. नाही म्हणायला एक विशिष्ट आवाज लागतो, तो माझ्याकडे नाही.

"उकळतं पाणी वता सर," ते म्हणाले. "पार उकळतं. आतली चरबी पघळून जाते."

"आमच्याकडे चरबी कुठली, महादेवराव?"

"तेल असंन. तूप असंन. जे असंन थे पघळते. गरम पाण्यापुढे कोण टिकते, मले सांगा."

मी अंघोळीचं मोठं पातेलं गॅसवर चढवलं. वैशाख महिना. नळाला पाणी येतं ते कधी तरी, आठवडा उलटल्यावर. अशा दिवसांत पातेलंभर चांगलं पाणी मोरीत ओतणं हा आमच्या गावात जवळजवळ गुन्हाच. धम्मशीला विहारात सजावटीला गेली होती. मी वाफेने आंधळा झालेला चष्मा कपाळावर सरकवून सगळं पातेलं सिंकमध्ये रिकामं केलं.

गुडगुड थांबली.

मी कान देऊन ऐकलं. एकही आवाज नाही. भिंतीपलीकडून महादेवरावांनी विचारलं, "काय म्हन्ते?" मी म्हणालो, "शांत झालं." त्या क्षणी मला इतकं समाधान वाटलं की मी चहा करून प्यालो. चहाचा कप विसळायला गेलो तेव्हा लक्षात आलं की पाणी जसंच्या तसं उभं आहे. गुडगुड थांबली होती, कारण आता गुडगुडायलाही जागा उरली नव्हती.

धम्मशीला आली, तिने सिंकमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे. "मगाशी निदान बोलत तरी होतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी महादेवरावांनी निदान बदललं. गल्लीत नुकताच सिमेंटचा रस्ता झाला होता. त्याखाली नालीचं तोंड दबलं असणार. रस्त्याची कड फोडून बघावी लागेल, आणि त्याला नगरपालिकेच्या कचेरीची परवानगी लागेल. "तुम्ही शिकलेले, तुम्हीच जा," असं म्हणून त्यांनी मला भर उन्हात पाठवलं.

कचेरीत या कामाचा माणूस म्हणजे चंद्रशेखर. मला पाहताच तो उठला आणि मागच्या दाराने गेला. शिपाई म्हणाला, साहेब साइटवर गेले. मी बाकावर बसलो. मागच्या खिडकीतून साहेब चिंचेखाली उभे असलेले दिसत होते. मी बघतोय हे त्यांना दिसलं, तसे ते झाडाच्या पलीकडे सरकले. मला फार संकोच वाटला. आपण एका माणसाला उन्हात उभं करून ठेवलं आहे असं वाटून मी निघायलाच लागलो होतो, तेवढ्यात चंद्रशेखर आत आला आणि माझ्या पाया पडला.

"सर, मले माहीत हाय तुम्ही काऊन आले," तो म्हणाला. "लय वर्षं झाली. लाज वाटते. आज संध्याकाळी घरी आणून देतो."

तेव्हा कुठे मला आठवलं. चंद्रशेखर आमच्या कॉलेजचा विद्यार्थी. शेवटच्या वर्षी त्याने ग्रंथालयातून एक जाडजूड कोश नेला होता, तो परत केला नव्हता. मी सिंकसाठी आलोय हे सांगायला तोंड उघडलं. पण तो इतका ओशाळला होता, आणि त्याच्या आजूबाजूचे लोक इतक्या आदराने माझ्याकडे बघत होते, की आता मधेच सांडपाणी काढणं मला बरं दिसलं नाही.

"सवडीने दे," मी म्हणालो आणि घरी आलो.

संध्याकाळी चंद्रशेखर खरंच कोश घेऊन आला. चहा प्यायला, रडवेला झाला, पुन्हा पाया पडला. धम्मशीलाने आतून बशी आदळल्याचा आवाज केला.

"परवानगीचं काय झालं?" तो गेल्यावर तिने विचारलं.

"तो विषयच निघाला नाही."

ती म्हणाली, "राहू द्या. भागवत येईन पौर्णिमेनंतर. मी भांडे अंगणात घासतो. आपल्याले त्या दिवशी सिंक नाही लागत. तुम्ही फक्त नवा सदरा घालून तयार राहा."

इतकं स्पष्ट बोलणं मला आयुष्यात फार थोड्या लोकांनी ऐकवलं असेल. मी हो म्हणालो. त्या 'हो'वर राहिलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पौर्णिमेच्या सकाळी धम्मशीलाने उजाडताच उठून स्वयंपाक केला. खीर केली, वरण केलं, वांग्याची भाजी केली. भाकरी विहारातून परत आल्यावर गरम टाकायच्या होत्या. सगळी पातेली ओट्यावर ओळीने मांडली आणि वाफ कोंडू नये म्हणून ताटल्या तिरक्या ठेवल्या. माझा सदरा इस्त्री करून आतल्या खोलीतल्या कपाटात टांगला. मग पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला गेली. जाताना म्हणाली, "लवकर अंघोळ करा. काही वाचत नका बसू."

मी वाचत बसलो नाही, हे मला नोंदवायचं आहे.

ती वळणावरून दिसेनाशी झाली आणि भिंतीवर महादेवराव उगवले. त्यांनी शेतातला फवारणीचा मोठा पंप मागवून घेतला होता, झाडांना औषध मारायचा, मोटारीवर चालणारा. "यानं पन्नास फुटावरचं पान धुऊन निघते," ते म्हणाले. "तुमचा पाइप काय चीज हाय. बाई यायच्या आत करून टाकू. खूश होतीन."

मी नाही म्हणायचा आवाज शोधला. नव्हताच.

आमच्या दोघांच्या स्वयंपाकघरांचे पाइप मागच्या बोळात एकाच चेंबरला मिळतात. महादेवरावांनी त्याचं झाकण काढलं. पंपाची नळी मी सिंकच्या भोकात घातली, भोवती जुनं धोतर गच्च दाबलं, आणि ड्रममध्ये जपून ठेवलेलं सगळं पाणी पंपाला जोडलं. मोटार सुरू झाली. नळी माझ्या हातात अजगरासारखी वळवळली. बोळातून मोठा 'भद्द' असा आवाज आला आणि महादेवराव ओरडले, "निंगालं सर, निंगालं."

मी मोटार बंद केली आणि धावत गेलो. चेंबरमध्ये एक पांढरा, चिकट, मनगटाएवढा गोळा पडला होता. पाठोपाठ महादेवरावांच्या मनकर्णाबाई आल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि काडीने तो ढोसला.

"हा तं चीक हाय," त्या म्हणाल्या. "कुरडईचा. अन् शिजलेला हाय."

आता उलगडा झाला. सिंक गुडगुडायला लागलं त्याच आठवड्यात मनकर्णाबाई आणि धम्मशीला यांनी मिळून आमच्या घरी कुरडया केल्या होत्या. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढला; त्याची घमेली आणि फडकी आमच्या सिंकमध्ये धुतली. कच्चा चीक पाइपात जाऊन बसला होता, एवढंच. थंड पाण्याने तो सावकाश गेलाही असता. त्यावर मी उकळतं पाणी ओतून तो पाइपातल्या पाइपात शिजवला.

"उकळतं पानी कोनी वतलं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

महादेवराव आभाळाकडे पाहायला लागले. मी चष्मा काढला.

"मीठ तेवढं राह्यलं टाकाचं," असं म्हणून त्या हसत आत गेल्या.

तर काम झालं होतं. पाइप मोकळा होता. महादेवराव पंप आवरायला निघाले. मी सिंकमध्ये तांब्याभर पाणी सोडून पाहिलं. सरळ गेलं. पण अगदी शेवटी, फार हलकी, एक गुडगुड झाली. कदाचित झाली. कदाचित ती माझ्या कानात राहिलेली असेल. आयुष्यात एखादं काम माझ्या हातून पुरतं झालं असेल यावर माझा कधीच विश्वास बसलेला नाही. कुलूप लावून मी तीनदा मागे येतो.

"महादेवराव," मी म्हणालो, "एकदा अजून."

"झालं सर. कायले?"

"एकदाच."

त्यांनी खांदे उडवले आणि या वेळी, होऊन जाऊ द्या म्हणून, दाब वाढवला. धोतर उडालं. नळी माझ्या हातातून सुटून सिंकमध्ये नाचायला लागली. पाइपाच्या कडांना उरलेला चीक, त्याखालचा कित्येक वर्षांचा काळा गाळ आणि ड्रममधलं उरलंसुरलं पाणी एकदम वर आलं. ते छताला लागलं, मला लागलं आणि ओट्यावर पडलं. ताटल्या तिरक्या होत्या हे मी आधी सांगितलं आहे.

मोटार बंद झाली. मी खिरीच्या पातेल्यात पाहिलं. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

धम्मशीला परतली तेव्हा मी तसाच उभा होतो. ती दारात थांबली. तिने छत पाहिलं, ओटा पाहिला, पातेली एकेक करून पाहिली. मी म्हणालो, "पाइप मोकळा झाला." हे वाक्य मी का उच्चारलं हे मला आजही कळत नाही.

"किती वाजले?" तिने विचारलं. मला नाही, मनकर्णाबाईंना, ज्या भिंतीवरून डोकावत होत्या.

"लय टाइम हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी कुकरले डाळ लावली हाय. दूध हाय. या तुम्ही इकडं. साडी खोचा."

त्यानंतर भिंतीपलीकडे दोन बायकांचा जो स्वयंपाक झाला, तो मला फक्त ऐकू येत होता. भाकरी थापल्याचा आवाज होता.

मी ओटा पुसला, जमीन पुसली. तोवर माझ्या अंगावरचा चीक वाळला. कांजी केलेल्या कपड्यासारखा मी कडक झालो. कोपर वाकवला की कपडा मोडल्यासारखा आवाज व्हायचा. अंघोळीला पाणी नव्हतं, कारण ड्रम मी छतावर उडवला होता. महादेवरावांनी त्यांच्याकडून दोन बादल्या आणून दिल्या आणि मी मागच्या अंगणात, पत्र्याच्या आडोशाला अंघोळीला बसलो. चीक पाण्याने निघत नाही, आणखी चिकटतो. केसांतून तो सोडवता सोडवता घरातून त्रिसरण सुरू झाल्याचा आवाज आला. भन्तेजी आले होते.

माझा सदरा आतल्या खोलीतल्या कपाटात. आतल्या खोलीत जायला वाट एकच, बाहेरच्या खोलीतून, आणि तिथे सगळं गाव बसलेलं. मी टॉवेलवर.

महादेवराव म्हणाले, "माहा सदरा घाला. हा आत्ता काढून देतो."

"नको," मी म्हणालो. "बरं नाही दिसणार."

पाहा, नाही म्हणायचा आवाज माझ्याकडे होता.

मी स्वयंपाकघरात आलो आणि बाहेरच्या खोलीच्या दाराआड उभा राहिलो. दार वीतभर उघडं होतं. तीन भन्तेजी समोर बसले होते. धम्मशीलाने खिरीचं भांडं उचललं होतं, मनकर्णाबाईंच्या घरून आलेलं. एका बाजूने तिचे हात होते. दुसरी बाजू मोकळी होती.

"सर कुठी हायत?" कोणीतरी विचारलं.

"येऊन राह्यले," ती म्हणाली.

सगळे थांबले. भांडं गरम असावं. तिने पदराचं टोक बोटांखाली घेतलं. मोठ्या भन्तेजींनी एकवार घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "उपासिके, वेळ होत आली आहे."

"हो, भन्ते."

तिने दाराकडे पाहिलं. मी मागे झालो. तिला मी टॉवेलवर दिसू नये म्हणून मागे झालो, असं मी स्वतःला सांगतो. पण त्या क्षणी माझ्या मनात नेमकं काय होतं हे मला चांगलं आठवतं. लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खाली, फार खाली, सुटल्यासारखं वाटत होतं. त्या आठवड्यात मी सिंकच्या मागे इतका का लागलो होतो, हा प्रश्न मला तिथे, दाराआड, पहिल्यांदा पडला. भागवतने हात लावू नका सांगितलं होतं, तिने राहू द्या सांगितलं होतं. पाण्याची टाकी मिळाली नाही, म्हणून मी सिंकमागे लपलो होतो की काय?

पुन्हा फटीतून पाहिलं तेव्हा धम्मशीलाने मान वळवून मनकर्णाबाईंना खूण केली होती. मनकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पुढे झाल्या आणि भांड्याची दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून पात्रात खीर वाढली. जेवण बाराच्या आत झालं. शेवटी भन्तेजींनी मंगल कामना केली, त्यात ज्या घरी हे अन्न शिजलं त्या घराचंही कल्याण होवो असं म्हणाले. सगळ्यांबरोबर धम्मशीलाही साधू, साधू, साधू म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

लोक गेल्यावर मी सदरा घालून बाहेर आलो. खोलीत कोणीच नव्हतं, फक्त ती पत्रावळी गोळा करत होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"आवाज तरी द्यायचा."

"टॉवेलवर होतो."

"मी आतून सदरा आणून दिला असता. भन्तेजी तेवढे थांबले असते." तिने पत्रावळींवर पत्रावळी ठेवली. "मले सिंक नव्हतं पाह्यजे, अहो."

दोघांनी मिळून सतरंज्या गुंडाळल्या. एका सतरंजीचं एक टोक तिने धरलं, दुसरं मी; ते मला सहज जमलं, कारण बघायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी विहाराच्या ग्रुपवर फोटो आले. 'हिवाळे परिवाराकडून भोजनदान' असं आमच्या आडनावाने लिहिलं होतं, आणि फोटोत धम्मशीला नि मनकर्णाबाई, मध्ये खिरीचं भांडं. लोकांनी खाली खूप हात जोडले होते. धम्मशीला पायरीवर बसून बराच वेळ तो फोटो बघत होती. मग तिने दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि फोन माझ्यापुढे धरला. माणसांच्या मागे दाराची फट होती, आणि फटीत खाली, टॉवेलखाली, दोन ओले पाय.

"हे तुम्हीच ना?"

"हो."

"म्हंजे होते तं तुम्ही," ती म्हणाली. "इतके जवळ होते."

आणि तिने फोटो पुन्हा लहान केला, इतका की त्यात फक्त त्या दोघीच दिसू लागल्या.